घाटमाथ्याचं गवत आणि त्याचा वणवा

पुण्याजवळ तळेगाव दाभाडेच्या परिसरातल्या गवताळ उतारांवर एक छोटी वनस्पती वर्षातून दोनदा फुलते. पहिला बहर पावसाळा सरल्यावर, नोव्हेंबरपासून पुढे. दुसरा मे-जूनमध्ये, आणि तो येतो उतारावरून वणवा फिरून गेल्यानंतर. जमिनीतल्या लाकडट मुळखोडातून ठेंगणे कोंब वर येतात आणि त्यांच्यावर लगेच फुलं धरतात. आघारकर संशोधन संस्थेचे मंदार दातार, आदित्य धारप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये नवी प्रजाती म्हणून तिचं वर्णन केलं आणि तिला ‘डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा’ असं नाव दिलं. तिच्यासारखी फुलोऱ्याची ठेवण भारतातल्या तिच्या भावकीत दुसरीकडे कुठे नाही, ती सापडते थेट आफ्रिकेत.

या एका झुडपामुळे वणव्याबद्दलचा आपला ठरलेला पाढा अडखळतो. फेब्रुवारी ते मे या काळात सह्याद्रीतले डोंगर रात्री लाल रेघांनी पेटलेले दिसतात. वर्तमानपत्रांत ‘वनसंपदा खाक’ असा मथळा येतो, वनखातं आवाहन करतं, शाळांमध्ये निबंध लिहून घेतले जातात. दुसरीकडे डोंगरातला गुराखी सांगतो की जुनं गवत जळाल्याशिवाय नवं नीट फुटत नाही, आणि त्याच्या बोलण्याकडे अडाण्याचा हट्ट म्हणून पाहिलं जातं. शहरी माणसाचा राग आणि गुराख्याचा अनुभव, दोन्ही कुठल्या ना कुठल्या उतारावर बरोबर आहेत. घोळ होतो तो एका उताराचा नियम दुसऱ्यावर लादला की. गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत आपण तेच करत आलो आहोत, असं या विषयावरचं संशोधन आणि वनखात्याचा इतिहास शेजारी ठेवून वाचल्यावर मला वाटतं.

आधी गवताची रचना पाहू. झाड शेंड्याकडून वाढतं, त्यामुळे शेंडा गेला की रोपाची कित्येक वर्षांची वाढ वाया जाते. गवत बुडातून वाढतं. त्याचे डोळे जमिनीलगत किंवा जमिनीखाली असतात, आणि वाळलेल्या गवताची आग एका जागी फार वेळ थांबत नाही, त्यामुळे मातीत थोडं खाली गेलं की धग लागतच नाही. कंदीलपुष्पाच्या जातींचे कंद, सफेद मुसळीच्या मुळ्या, रानहळदीचे गड्डे हे सगळं त्या काळात खाली सुरक्षित झोपलेलं असतं. वर साठलेला जुना पाचोळा मात्र तसाच राहिला तर पुढच्या पावसात नव्या कोंबांना उजेड मिळत नाही. ऐन, पळस, खैर यांसारखी जाड सालीची झाडं मोठी झाल्यावर अशी आग सोसतात. महाबळेश्वरच्या जंगलातल्या अंजनी, पिसा, जांभूळ यांची गोष्ट वेगळी. ही कायम हिरव्या, दमट सावलीतली मंडळी. तिथे आग शिरायलाच नको, आणि शिरलीच तर सावरायला एक पिढी पुरत नाही.

मग घाटमाथ्यावर मुळात काय होतं, जंगल की गवत? या प्रश्नाचं सर्वांत भक्कम उत्तर महाराष्ट्रातून नाही, निलगिरीतून आलं आहे. निलगिरी, पळणी आणि अन्नामलाईच्या उंच पठारांवर दोन गोष्टी शेजारी शेजारी नांदतात. दऱ्यांच्या बेचक्यांत ठेंगणं, दाट, शेवाळलेलं शोला जंगल आणि बाकी सगळ्या लाटांसारख्या टेकड्यांवर गवत. सीमा इतकी रेखीव की एका पावलात माणूस उन्हातून काळोखात जातो. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी हे पाहून सरळ निष्कर्ष काढला. इथे पूर्वी सगळं जंगल असणार, तोडा लोकांनी म्हशींसाठी जाळून जाळून ते संपवलं असणार. हा समज पुढे शंभरावर वर्षं पाठ्यपुस्तकांत टिकला.

तो खोडला गेला चिखलातून. निलगिरीच्या सखल दलदलींमध्ये वनस्पतींचे अवशेष हजारो वर्षं थरावर थर साचले आहेत. झाडं आणि उष्ण प्रदेशातलं गवत हवेतला कार्बन वेगवेगळ्या पद्धतीने घेतात, त्यामुळे त्यांच्या अवशेषांत कार्बनच्या जड आणि हलक्या अणूंचं प्रमाण वेगळं राहतं. रमण सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या थरांचं मोजमाप करून १९९३ मध्ये ‘नेचर’मध्ये जो निबंध लिहिला, त्यात सुमारे वीस हजार वर्षांचा हिशेब होता. हिमयुगाच्या थंड, कोरड्या काळात तिथे गवताचं राज्य होतं. हवा उबदार आणि ओली झाली तसं जंगल वाढलं, पुन्हा कोरडी झाली तसं मागे सरलं. म्हणजे तोडांच्या म्हशी यायच्या कितीतरी आधीपासून गवत तिथे होतं. तोडांनी ते टिकवलं असेल, काही ठिकाणी वाढवलंही असेल, पण निर्माण केलं नाही.

मग झाडं गवतात शिरत का नाहीत? अतुल जोशी, जयश्री रत्नम आणि महेश शंकरन यांनी निलगिरीत याचा शोध घेतला. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री उघड्या गवतावर दहिवर गोठतं. शोलातल्या झाडांची कोवळी रोपं त्या गारठ्यात मरतात, जंगलाच्या छपराखाली मात्र तगतात. गवत आणि जंगल अशा दोन्ही अवस्था एकाच हवामानात, एकाच मातीत टिकू शकतात. कुठली टिकेल हे थंडी, आग आणि चरणारी जनावरं मिळून ठरवतात. त्यांच्या २०२० च्या निबंधात पुढचा इशाराही आहे. हवा तापली की गोठणाऱ्या रात्री कमी होतील, आणि बाहेरून आणलेल्या झाडांना थंडीचा हा पहारा तसाही फारसा अडवत नाही.

बाहेरून आणलेली झाडं हा निलगिरीच्या कथेतला खरा खलनायक, आणि त्याचं नाव आग नाही. १८१९ मध्ये कोइमतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन निलगिरीवर चढला. पुढच्या दोन-तीन दशकांत उटकमंड वसलं आणि ऑस्ट्रेलियातून वॅटल आणि निलगिरीची झाडं आली, सुरुवातीला सरपणासाठी. (पर्वताचं नाव परक्या झाडाला चिकटलं, आणि आता ‘निलगिरी’ म्हटलं की डोंगराआधी तेलाची बाटली आठवते!) स्वातंत्र्यानंतर हाच उद्योग वनखात्याने मोठ्या प्रमाणावर चालवला. वॅटलची साल कातडी कमावायला, निलगिरीचा लगदा रेयॉन बनवायला. गवत ‘रिकामं’ होतं, म्हणून लागवड गवतावर झाली. त्याच सुमाराला बटाटा, गाजर आणि चहाने उरलेले उतार घेतले. पळणी डोंगरांच्या उपग्रहचित्रांचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की चार दशकांत तिथलं दोन तृतीयांश गवत गेलं. या काळात नकाशावरचा हिरवा रंग मात्र गडद होत गेला.

आणि आता मागे फिरणंही सोपं नाही. वॅटलचं बी मातीत दशकानुदशकं जिवंत राहतं आणि आगीच्या धगीने उलट जोमाने रुजतं. जी आग गवताची सोबतीण होती ती वॅटलने व्यापलेल्या डोंगरावर वॅटलचीच दाई होते. जमिनीचा वापर एकदा बदलला की आगीचा अर्थही बदलतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरीकडे क्वचित मिळेल.

निलगिरीचा हा निष्कर्ष उचलून सह्याद्रीवर ठेवण्याचा मोह मात्र आवरायला हवा. आपल्याकडे दहिवर गोठण्याची बातमी येते ती वेण्णा तलावाच्या काठावरून, तीही एखाद्या कडक हिवाळ्यात. थंडीचा पहारा इथे नाही. इथे आहे लांबलचक उन्हाळा. केरळात कोरडे महिने दोन-तीन, तर जसजसं उत्तरेला यावं तसतसे ते सात-आठपर्यंत जातात. चार महिने कोसळणारा पाऊस आणि उरलेलं वर्ष कोरडं, हे गवताला आणि आगीला दोघांनाही मानवतं. त्यात सडे. कास, मसाई, आंबोलीचे जांभ्याचे सडे पावसात चिंब आणि उन्हाळ्यात तव्यासारखे तापलेले असतात. मातीचा थर बोटभर. तिथे कधीही जंगल नव्हतं आणि होणार नाही. त्यांना ‘उजाड’ म्हणणाऱ्याने सप्टेंबरात जाऊन पाहावं.

पण सड्याखालचे उतार? इथे पुरावा संमिश्र आहे आणि मी कुणा एका पक्षात जाणार नाही. देवराया दाखवून सांगितलं जातं की पाहा, सोडून दिलं असतं तर सगळा डोंगर असाच असता. युक्तिवाद ओढ घेणारा आहे, पण देवराई बहुधा झऱ्यापाशी, खोलगट जागी, खोल मातीवर असते. उघड्या दक्षिण उतारावरची देवराई शोधून दाखवा म्हटलं तर अडचण होते. उलट बाजूने, घाटाच्या पूर्वेकडच्या पठारी मुलखाबद्दल आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी एक वेगळीच वाट धरली. त्यांनी जुनं मराठी साहित्य, ओव्या आणि क्षेत्रमाहात्म्यं चाळून त्यांत कुठल्या गावी कुठली झाडं सांगितली आहेत ते तपासलं. पंढरपूरच्या कान्होपात्रेचं तरटीचं झाड सगळ्यांना ठाऊक आहे. अशा शेकडो वर्षांच्या नोंदींत सावलीच्या अरण्यापेक्षा माळावरच्या काटेरी झाडांचीच हजेरी जास्त निघाली. ‘आपल्याकडे पूर्वी घनदाट जंगल होतं’ हे वाक्य सरसकट म्हणता येणार नाही, एवढं त्यावरून नक्की ठरतं.

घाटउतारांवर मात्र माणसाचा हात स्पष्ट आहे. डोंगरातली वरकस जमीन, तिच्यावर नाचणी आणि वरी, काही वर्षं पीक, मग पडीक, मग पुन्हा तोड आणि भाजणी. कुठे तिला कुमरी म्हणत, रायगडात ठाकर-कातकऱ्यांच्या दळी. भाताच्या रोपांसाठी राब ही तर कोकण-मावळाची रीतच. ऐनासारख्या झाडांचा कवळ तोडायचा, शेण आणि पालापाचोळ्यासकट तरव्याच्या जागेवर पसरायचा, वर माती टाकून उन्हाळ्यात भाजायचा. तण मरतं, राख मिळते, रोप जोमदार येतं. झाडं मरत नसत, फांद्या परत फुटत.

मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक अलेक्झांडर गिब्सन १८४७ मध्ये नेमला गेला. कुमरीमुळे झरे आटतात आणि पाऊस कमी होतो असं त्याचं ठाम मत होतं. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलं आखली आणि राबासाठी कवळ तोडणं एकदम गुन्ह्याच्या कक्षेत आलं. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत एवढा असंतोष झाला की सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. त्याच्या १८८७ च्या अहवालात राबाची चर्चा पानोपानी आहे. तेव्हा शेतकऱ्यांनी काही सवलती मिळवल्या. आगीबद्दलचं तत्त्व मात्र पक्कं झालं. राखीव जंगलात आग म्हणजे गुन्हा. १९२७ च्या कायद्याच्या कलम २६ मध्ये ते आजही तसंच आहे.

गंमत अशी की त्या काळच्या वन अधिकाऱ्यांनाच लवकर शंका येऊ लागली होती. सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात १८६० च्या दशकात आग पूर्ण थोपवण्याचा पहिला मोठा प्रयोग झाला, आणि त्याचं कौतुकही झालं. पण ब्रह्मदेशात सागाची नवी रोपं येईनात, तिथल्या स्लेड नावाच्या अधिकाऱ्याने १८९६ मध्ये ‘इंडियन फॉरेस्टर’मध्ये आगीपासूनचं संरक्षण जरा जास्तच होतंय असं लिहिलं. पूर्वेकडे सालाच्या जंगलांतही तीच तक्रार निघाली. खात्याच्या आत वाद झाले, काही ठिकाणी नियंत्रित आग परत आली. नियम बनवणाऱ्यांच्या कागदांतली ही शंका नियम पाळायला लागणाऱ्या माणसांपर्यंत कधी पोचली नाही.

त्यांना ती वेगळ्या वाटेने कळलीच. कर्नाटकातल्या बिळिगिरीरंगन डोंगरातले सोलिगा आदिवासी जानेवारी-फेब्रुवारीत, पाचोळा पुरता वाळायच्या आत हलकी आग लावत. ती गुडघ्यापर्यंत जेमतेम पोचे. अभयारण्य झाल्यावर ते बंद झालं. सोलिगा वृद्ध संशोधकांना सांगत आले की आग थांबली तशी घाणेरी माजली आणि आवळ्याच्या झाडांवर बांडगुळं वाढली. आता जी आग लागते ती एप्रिलच्या तोंडावर, घाणेरीच्या जाळ्यांतून चढत झाडांच्या शेंड्यांपर्यंत जाते. घाणेरी आगीचं इंधन होते आणि आगीनंतर सगळ्यांत आधी तीच फुटते, असं हे चक्र आहे का यावर अंकिला हिरेमठ आणि भारत सुंदरम यांनी २००५ मध्ये मांडणी केली. शास्त्रज्ञांत त्यावर अजून वाद आहे. पण हलक्या आगी थांबवल्या की इंधन साठतं, हे समजायला शास्त्रज्ञ व्हावं लागत नाही.

सह्याद्रीत इंधन साठण्याची कारणं बंदीपेक्षा जास्त आहेत, आणि तीच मला या प्रश्नाचा गाभा वाटतात. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी ज्या गवळी धनगरांचा अभ्यास केला, त्यांच्या म्हशी घाटमाथ्याचं गवत वर्षानुवर्षं चरत आल्या. ते कळप आता विरळ झाले. तरुण मुंबई-पुण्याला गेले, घरी उरलेल्या आईवडिलांच्या दावणीला एखादं जनावर. वरकसात नाचणी कोण पेरणार? छपराला गवत लागत नाही, पत्रा आला. पूर्वी गवत कापलं जाई, चरलं जाई, विकलं जाई. आता ते छातीएवढं उभं वाळतं. त्यात मोकळ्या पडलेल्या जागी घाणेरी आणि रानमोडी. रानमोडीची वाळकी खोडं म्हणजे सुकं सरपणच. एखाद्या पर्यटकाची विडी, रस्त्याकडेला पेटवलेला कचरा, शिकारीसाठी किंवा हद्दीच्या भांडणातून टाकलेली काडी, आणि रात्रीतून सगळा डोंगर जातो. पूर्वीच्या आगी तुकड्यातुकड्याने लागत, कारण चरलेलं शेजारचं रान आगीला आपोआप अडवत असे.

कोयना-चांदोलीत आणखी एक गोष्ट दिसते. धरण आणि संरक्षित क्षेत्रांमुळे उठलेल्या गावांची शेतं आज गवताळ मोकळी राने आहेत आणि गवे, सांबर तिथे चरतात. माणूस गेल्यावर सगळं आपोआप जंगल होतं, असं तिथे झालेलं नाही. काही राने झाडोऱ्याने भरत आहेत, काही मुद्दाम उघडी राखावी लागतात. कासवर उलटा अनुभव आला. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारशात गेला, गर्दी उसळली, कुंपण घातलं, गुरं थांबली. मग गवत उंच वाढून फुलझाडांना दाबतंय अशी ओरड झाली आणि कुंपण काढावं लागलं. सड्यांवरच्या वनस्पतींचा अभ्यास करणारे लोक चराईचं महत्त्व सांगत होतेच.

बाकी जमिनीच्या वापराचं थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांना दिसतं आहे. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आणि त्यांचे रस्ते, कोल्हापूरच्या सड्यांवर बॉक्साइटच्या खाणी, सिंधुदुर्गात काजू आणि दोडामार्गकडे रबर, मावळ-मुळशीत डोंगर कापून बंगले. ज्या गवतावर हे उभं राहतं त्याची सरकारी नोंद बहुतेकदा ‘पडीक’ अशी. बंगलेवाले आले की त्यांना वणव्याची भीती वाटणारच. आणि आग बंद करण्याचा आग्रह सगळ्यांत मोठ्या आवाजात तिथूनच येतो.

याचा अर्थ दरवर्षी डोंगर पेटवावा असा मुळीच नाही. आग दरसाल आली की झाडांची रोपं कधीच डोक्यावर जात नाहीत आणि देवराईची कड वर्षाला थोडी थोडी आत सरकते. भीमाशंकर-जुन्नर भागात महादेव कोळी कुटुंबांचं हिरड्यावर पोट आहे. भर उन्हाळ्यातला वणवा त्या झाडांना होरपळवतो. जमिनीवर घरटं करणारे पक्षी, सरडे, साप मरतात. तीव्र उतार उघडा पडला आणि लगेच वळवाचा जोरदार पाऊस झाला तर राखेसकट माती ओढ्यात. शिवाय आग चढावर धावते, कारण ज्वाला वरचं गवत आधीच तापवते. तामिळनाडूत कुरंगणीजवळ मार्च २०१८ मध्ये गवताळ उतारावर ट्रेकला गेलेल्यांपैकी वीसहून अधिक जण दगावले, ते असेच.

म्हणून महिना, उतार आणि मधली वर्षं यांचा हिशेब लागतो, आणि तो ठेवणारी यंत्रणा आपल्याकडे नाही. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून आगीचे ठिपके मोजून इशारे पाठवतं. त्यातल्या एका संवेदकाचा चौकोन ३७५ मीटरचा, दुसऱ्याचा किलोमीटरचा. ठिपका सांगतो की पेटलं. गवत पेटलं की देवराई, हलकी आग होती की शेंडे जाळणारी, मागच्या वर्षीही तिथेच होती का, हे तो सांगत नाही. ठिपके कमी झाले की यश, असं मात्र मानलं जातं. हेच झाडांच्या बाबतीत. एक हेक्टरावर दहा टक्के छत्र असलं की वनआच्छादन, मग ती काजूची बाग का असेना. गवताळ डोंगर या हिशेबात शून्य. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी केलेल्या नकाशानुसार देशाची सुमारे दहा टक्के जमीन मोकळी नैसर्गिक राने आहे, आणि वृक्षारोपणाच्या मोहिमा जागा शोधत नेमक्या तिथेच येतात.

करता येतं, याचा दाखला केरळात आहे. एराविकुलम राष्ट्रीय उद्यानात निलगिरी ताहर या रानशेळीसाठी गवत लागतं, म्हणून तिथे मुथुवान लोकांच्या मदतीने गवताचे तुकडे आळीपाळीने, थंडीच्या दिवसांत जाळले जातात आणि शोलाच्या कडा राखल्या जातात. आपल्याकडे वनखातं जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला आधीच जाळून मोकळे केलेले पट्टे, काढतंच. म्हणजे ठरवून जाळण्याची विद्या खात्याकडे आहे, फक्त ती रेषेपुरती आहे. सडे आणि गवताळ उतार एका यादीत, सदाहरित जंगल आणि देवराया दुसऱ्या यादीत, अशी तालुकावार नोंद करून पहिल्या यादीतल्या काही तुकड्यांवर चराई, कापणी आणि लवकरची हलकी आग यांचे प्रयोग करायला हवेत. दुसऱ्या यादीभोवती जाळरेषा फेब्रुवारीच्या आत पुऱ्या व्हाव्यात. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना सामूहिक वनाच्या व्यवस्थापनाचा हक्क दिला आहेच; या नोंदी त्यांच्याशी बसून केल्या तरच खऱ्या निघतील.

तोवर वाचकांकडे एक छोटी मागणी. जुलैत टेकडीवर रोपं लावायचं बोलावणं आलं तर त्या गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या गुराख्याला आधी विचारा, की या उतारावर तुमच्या आजोबांच्या वेळी झाडी होती का गवत. गवत होतं असं तो म्हणाला, तर रोपं दुसऱ्या जागी न्यायला सांगा.